तुना घरमा काय शे?

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, सलाम. आम्ही शिंदखेडा तालुक्यात राहतो. पाच एकर कोरडवाहू, सगळी कपाशी. पेरणीच्या दिवशी सकाळी प्रार्थना केली, डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. यिर्मया २९:११ निघालं. 'संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नव्हेत.' मला एवढा आनंद झाला की कागदावर लिहून दाराच्या चौकटीवर चिकटवलं. ऐन बोंडं फुटायच्या वेळी पाऊस लागून राहिला. कपाशीच्या कैऱ्या, म्हणजे कच्ची बोंडं, काळ्या पडल्या, हाती आला तो डागाळलेला कवडी कापूस. सोसायटीचं कर्ज आहे, बी-खताच्या दुकानाची उधारी आहे, माझी गळ्यातली पोत गहाण आहे. चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, तू विश्वासात कुठेतरी कमी पडलीस. बारा वर्षांची मुलगी चौकटीकडे बघून म्हणाली, 'आई, मग देव खोटं बोलला का?' मला उत्तर देता आलं नाही. आमचे मालक दिवसभर ओट्यावर बसून असतात, ताट निम्मं टाकून उठतात. कुणी देणेकरी येताना दिसला की मी दार लोटून घेते. वाचन रोज करते, पण भांडी घासेपर्यंत काय वाचलं ते आठवत नाही. वचनातून रोजच्या जगण्याला लागू पडेल असं काही काढायचं कसं, ते सांगाल का?"

ताई, सलाम.

तुमच्या पत्रात सगळ्यात लहान वाक्य मालकांचं आहे, पण मी तिथूनच सुरुवात करते. बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल.

१ राजे, अध्याय १९ काढा. एलीया हा केवढा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर साऱ्या लोकांसमोर त्याचा जय झाला होता. लगेच ईजबेल राणीची धमकी आली आणि हा माणूस जिवाच्या भीतीने पळत सुटला. बैर-शेब्याला चाकराला मागे ठेवलं, एकटाच दिवसभर रानात चालत गेला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, "आता पुरे झालं, परमेश्वरा, माझा प्राण घे." मग तिथेच झोपला. आता पुढे काय झालं ते सावकाश वाचा. देवदूत आला, त्याला हात लावून उठवलं आणि म्हणाला, "उठ, खा." उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचं भांडं होतं. त्याने खाल्लं, पाणी प्यायला, पुन्हा आडवा झाला. त्याला कुणी रागावलं नाही. दुसऱ्यांदा हात लावून उठवलं आणि पुन्हा तेच: खा, तुला लांबचा पल्ला गाठायचा आहे. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न आला तो त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. आधी भाकर, पाणी, झोप. पुन्हा भाकर, पाणी. प्रश्न सगळ्यात शेवटी.

आज संध्याकाळी तुमच्यासाठी या अध्यायात एवढंच काम आहे. कळण्याची भाकर टाका, ठेचा वाटा, आणि ताट पुढे सरकवून आत जाऊ नका. त्यांच्याशेजारी ओट्यावर बसून त्याच वेळी तुम्हीही जेवा. "आता पुढे काय करायचं?" हे आज विचारू नका. वचन ऐकवू नका. मी हे जाणूनबुजून सांगते आहे.

आणखी एक, आणि यात मागेपुढे पाहू नका. फवारणीचं उरलेलं औषध घरात असेल तर आजच बाहेर काढा, भरवशाच्या शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला द्या. "जगून काय करू" असा शब्द त्यांच्या तोंडून निघाला, झोप उडाली, जेवण तुटलं, तर त्यांना सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे घेऊन जा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, रात्री-अपरात्री केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे गेलं म्हणजे विश्वास सोडला असं म्हणणारं कुणी भेटलं, तर त्याला हाच अध्याय दाखवा. देवाने एलीयाकडे आधी भाकर पाठवली.

आता मुलीचा प्रश्न. बारा वर्षांच्या पोरीने तो विचारला याचं मला फार बरं वाटलं. मनात ठेवला असता तर तो आत कुजला असता. तिला खरं उत्तर द्यायला हवं, आणि त्यासाठी तुम्हाला त्या अकराव्या ओळीच्या मागे-पुढे जावं लागेल.

यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय हे मुळात एक पत्र आहे, तुम्ही मला लिहिलंत तसं. त्यात अकरा हा आकडा नव्हता. बायबलचे आज आहेत तसे अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, आणि ओळींना आज दिसतात ते आकडे पडले सोळाव्या शतकात. त्याच्या आधी दोन हजार वर्षं हे पत्र लोकांनी पत्रासारखंच ऐकलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आकडे आपल्या सोयीचे आहेत, ओळ पटकन सापडते. पण त्याच आकड्यांमुळे आपण पत्रातली एक ओळ कात्रीने कापल्यासारखी उचलतो आणि चौकटीवर चिकटवतो.

पत्र कुणाला आहे? यरुशलेमेतून ज्यांना बाबेलला पकडून नेलं त्यांना. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये राजा, राजमाता, सरदार, सुतार, लोहार, सगळ्यांना उचलून नेलं होतं. घर गेलं, वावर गेलं, मंदिर डोळ्यांआड झालं. आणि तेव्हा लोकांना आशा कोण दाखवत होतं? त्यासाठी एक अध्याय मागे जा. हनन्या नावाचा संदेष्टा तिकडे यरुशलेमेत, भर मंदिरात उभा राहून सांगत होता, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मयाच्या मानेवर तेव्हा लाकडी जू होतं, बैलाच्या मानेवर असतं तसं. देवानेच ते वागवायला सांगितलं होतं, खूण म्हणून. हनन्याने ते सगळ्यांसमोर उतरवून मोडून टाकलं. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मयाने तर हनन्याचं बोलणं ऐकून आधी "आमेन, परमेश्वर असंच करो" म्हटलं होतं. त्यालाही तेच हवं होतं. पण खरं तसं नव्हतं.

यिर्मयाने पत्रात लिहिलं ते असं. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. पोराबाळांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्ही बंदिवान आहात त्याचं कल्याण चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. आणि दहाव्या ओळीत: सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! पत्र ऐकणाऱ्या कर्त्या माणसांपैकी बहुतेकांचे डोळे तोवर मिटणार होते. तुमची अकरावी ओळ याच्यानंतर येते. "हिताचे संकल्प" हे शब्द त्या सत्तर वर्षांच्या आतले आहेत.

म्हणून मुलीला सांगा: बेटा, देव खोटं बोलला नाही. त्या पत्रात आपल्या कपाशीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. आईने एक ओळ उचलली आणि तिचा शकुन केला. चूक माझी झाली. आई-बापाने मुलासमोर असं म्हटलं की मुलाचा विश्वास डळमळत नाही, तो आणखी घट्ट होतो. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, तीस वर्षं मुलांना शिकवताना मी हे पाहिलं आहे. मुलांना फसवलेलं कळतं, आणि कबूल केलेलंही कळतं.

कागद काढून टाकू नका. त्याच्या वर पाचवी ओळ लिहा: घरं बांधा, बागा लावा. आज तुमच्या घराला लागू पडते ती ही ओळ. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून वावर मोकळं करायचं, जमिनीत ओल आहे तोवर हरभरा टाकायचा की दादर पेरायची, बी कुठून आणायचं, हा विचार म्हणजे यिर्मयाच्या पत्राचं पालन आहे. पकडून नेलेल्या देशात, परक्याच्या जमिनीत ज्यांना बाग लावायला सांगितली, त्यांनी ती लावली.

"विश्वासात कमी पडलीस" म्हणणाऱ्या बाईंबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तुमच्या बांधाला बांध लागून ज्यांचं वावर आहे, त्यांची कपाशी वाचली का? नाही ना? ढग सातबारा बघून पडत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने हेच सांगितलं, तो नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून "तुझंच काहीतरी चुकलं असणार" म्हणायला लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला, ईयोबावर नाही. त्या बाईंशी भांडू नका. पण त्यांचं वाक्य उराशी धरूनही बसू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न: रोजच्या जगण्याला लागू पडेल असं काढायचं कसं? बोट ठेवून काढू नका, हे तर आता सांगून झालं. मी स्वतः तरुणपणी बोट ठेवत होते, त्यामुळे त्यातली ओढ मला माहीत आहे. त्या क्षणी वाटतं, देव आपल्याशी एकट्याशी बोलला. पण तसं वाचलेलं टिकत नाही. तुम्ही म्हणता भांडी घासेपर्यंत विसरते. विसरणारच, कारण सुट्या ओळीला धरायला कडी नसते. गोष्ट मात्र लक्षात राहते. सासूने विसाव्या वर्षी सांगितलेली गोष्ट तुम्हाला आज आठवते, पण मागच्या आठवड्यात मोबाइलवर आलेलं वचन आठवणार नाही.

माझे वडील धुळ्याजवळच्या खेड्यात राहायचे, पांझरेच्या काठी. शिक्षण चौथीपर्यंत. रात्री कंदिलाजवळ बसून बायबल वाचायचे छापील मराठीत, आणि प्रत्येक चार ओळींना थांबून तेच अहिराणीत सांगायचे, कारण आजीला मराठी कळायचं पण मनाला लागायचं नाही. एका रात्रीचं मला अजून दिसतं. २ राजे, चौथा अध्याय. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशा संदेष्ट्याकडे रडत येते. नवरा देवाला भिणारा होता, आणि तरी डोक्यावर कर्ज ठेवून मेला. सावकार आता दोन्ही पोरांना गुलाम करायला नेणार. अलीशा तिला विचारतो, तुझ्या घरात काय आहे? वडील थांबले, चष्मा काढला, आजीकडे बघून म्हणाले, "तुना घरमा काय शे?" आणि आजी, जणू तिलाच विचारलंय अशी, चुलीकडे बघून म्हणाली, "काहीच नही रे भाऊ." वडील हसले, आणि पुढची ओळ वाचली. त्या विधवेचंही उत्तर तेच होतं, फक्त शेवटी थोडं जास्त: काहीच नाही, एका बुधलीत तेल आहे तेवढंच.

ही गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम देते आहे, कारण ही तुमच्या घरातली आहे. पहिलं बघा, नवरा देवभीरू होता आणि घर कर्जात होतं. बायबल हे एका दमात सांगतं आणि त्याच्या विश्वासाची मोजदाद करत नाही. मग अलीशा काय सांगतो ते बघा. तो "जा, प्रार्थना कर" म्हणत नाही. म्हणतो, बाहेर जा, सगळ्या शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडीथोडकी नको. विचार करा, ताई. गावात जिच्याकडे सावकार चकरा मारतो, ती बाई गल्लीतल्या प्रत्येक दारात उभी राहून रिकामं भांडं मागते. कशाला पाहिजे, हे कुणी विचारलं नसेल का? तिला सांगावं लागलंच असेल. आणि अलीशा पुढे सांगतो, मग पोरांना घेऊन आत जा आणि दार लाव. तीही दार लावते, तुमच्यासारखंच. पण आधी सगळ्या गल्लीत फिरून येऊन.

भांडी पोरं आणून देत होती, ती ओतत होती. दोन्ही पोरांना घरावर काय आलंय ते माहीत होतं, त्यांच्याच मानेवर ते आलं होतं, आणि त्यांच्याच हातांनी भांडी पुढे सरकत होती. मग ती म्हणाली, आणखी एक भांडं दे. मुलगा म्हणाला, आता भांडं नाही. आणि तेल थांबलं. मी लहान होते, मला तेव्हा त्या शेवटच्या भांड्याचं फार वाईट वाटलं होतं. अजून एका शेजारणीकडे गेली असती तर! शेवटी अलीशा सांगतो, तेल विक, देणं फेड, उरेल त्यावर तू आणि पोरं जगा. आधी देणं, मग आपलं. किती साधा हिशोब आहे.

तर तुमच्या घरात काय आहे? पत्रात तुम्ही काय गेलं तेच लिहिलं आहे. एक कागद घ्या, मुलीला लिहायला बसवा. पाच एकर जमीन, स्वतःची. विहीर असेल तर तिचं पाणी. शेळ्या, कोंबड्या, शिलाई मशीन, बचत गटातली शिल्लक, मालकांच्या हातातली एखादी कला, पऱ्हाट्यांचं जळण सुद्धा. मग रिकाम्या भांड्यांसाठी बाहेर पडा. सोसायटीच्या सचिवांना भेटून विचारा, पीक बुडालं तर पीककर्जाचं पुनर्गठन होतं का, अर्ज कधी द्यायचा. तलाठ्याकडे जाऊन पंचनाम्याच्या यादीत आपलं नाव आहे की नाही ते डोळ्यांनी बघा, कुणाच्या सांगण्यावर राहू नका. विमा भरला असेल तर पावती शोधा. बी-खताच्या दुकानदाराकडे तो यायच्या आधी तुम्ही जा, आणि दर महिन्याला किती जमेल तो खरा आकडा सांगा. लोटलेल्या दारामागे देणं वाढतं आणि मन खचतं. देणेकऱ्याला समोरून गाठलं की बऱ्याचदा तोही माणूस असतो, त्याचंही घर त्याच बाजारावर चालतं. आणि भगिनी मंडळात पुढच्या प्रार्थनेच्या दिवशी हे मोठ्याने सांगा. पोत गहाण आहे, हेही सांगा. तिथल्या चौघींची गहाण असेल, आणि प्रत्येकीला वाटत असेल की आपली एकटीचीच आहे.

वाचायची सवय कशी लावायची, तेही सांगते. मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळा अध्याय आहेत, गोष्टी लहान आहेत, दमायला होत नाही. रात्री जेवण झाल्यावर एकच गोष्ट, मोठ्याने, मुलीला वाचू द्या. वाचून झालं की पुस्तक मिटून तीच गोष्ट तुम्ही अहिराणीत सांगा. सांगताना जिथे अडखळाल तिथे खरा प्रश्न असतो. या गोष्टीत कोण घाबरलंय, कुणाला भूक लागलीय, कुणाला काय करायला सांगितलंय, एवढं विचारा. शिकवण शोधत बसू नका, तीच पुढे येते. एका गोष्टीला दोन-तीन रात्री लागल्या तरी लागू द्या. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता ना, त्याच चौकटीत एक शब्द लिहा: आज काय केलं. "भाकर." "सोसायटी." "शेजारीण." काही रात्री चौकट कोरी राहील. राहू द्या.

छापील मराठी जड वाटत असेल तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळतं का बघा. केडगावच्या मुक्ती सदनात बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, साध्या घरच्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर हेच काम चाललं होतं. आपल्यासारख्या बायकांना डोळ्यासमोर ठेवून एका विदुषीने आयुष्याची शेवटची वर्षं यात घातली, हे आठवलं की मला पुस्तक उघडताना आधार वाटतो.

एक सांभाळा. कधीकधी गोष्ट वाचून काहीच लागू पडणार नाही. वंशावळी येतील, लढाया येतील, राग येईल अशाही जागा येतील. ओढूनताणून त्यांतून आजचा धडा काढू नका. हबक्कूकाने अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत हे सगळं एकेक करून मोजलं, आणि मगच "तरी मी परमेश्वरात आनंद करीन" म्हटलं. तो "तरी" कोणत्या दिवशी तोंडातून निघेल हे ज्याचं त्याला कळतं. तुमच्या तोंडून अजून निघत नसेल तर कुणाला दाखवण्यासाठी म्हणू नका.

आज रात्री मालक जेवले का, ते मला कळवा. दोन ओळी पुरेत. आणि उद्या-परवा मुलीला विधवेची गोष्ट वाचायला द्या, तुम्ही ती अहिराणीत सांगा, आणि मध्येच थांबून तिला विचारा, "तुना घरमा काय शे?" ती काय म्हणाली, तेही लिहा.